लघुचित्रातली गोष्ट कशी ओळखावी: पुराणकथांची चित्रे पाहायला शिकणाऱ्यांसाठी

लघुचित्रांच्या दालनात शिरलेला नवखा माणूस दहा मिनिटांत बाहेर पडतो, कारण तो चित्राआधी पाटी वाचतो. बसोहली, गुलेर, मेवाड, माळवा, 'सुमारे 1730', 'कागदावर अपारदर्शक जलरंग आणि सोने'. चारपाच पाट्या वाचल्या की डोके जड होते आणि सगळी चित्रे सारखीच दिसायला लागतात. मीही बराच काळ शैलींची नावे पाठ करत बसलो होतो. त्याचा उपयोग झाला, पण फार उशिरा. कीर्तनात, आजीच्या तोंडून, शाळेच्या पुस्तकात ऐकलेल्या गोष्टींचे भांडवल आपल्यापाशी आधीपासून असते. सुरुवात तिथून करा. आधी गोष्ट, शैली शेवटी. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

काय काय लागेल

- छोटे भिंग. साधे, दोन-तीन पट मोठे दाखवणारे पुरते. ते काचेला टेकवू नका, पहारेकरी लगेच हटकतो.
- वही आणि पेन्सिल. बऱ्याच दालनांत पेन चालत नाही.
- मोबाइल, फ्लॅश बंद करून. फोटोला परवानगी आहे का, ते तिकीट खिडकीवरच विचारून घ्या.
- भागवताच्या दशम स्कंधाचे आणि वाल्मीकी रामायणाचे कोणतेही सटीक मराठी भाषांतर. हे घरी ठेवायचे, चित्र पाहून आल्यावर उघडायचे.
- वेळ. एका भेटीत पाच-सहा चित्रे पुष्कळ झाली.

दालनात उजेड मंद असतो, त्याची तक्रार करू नका. कागदावरचे रंग प्रकाशाने उडतात, म्हणून अशा वस्तूंवर साधारण 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचे माप) वर उजेड टाकत नाहीत. आत गेल्यावर डोळे सरावायला जरा वेळ द्या.

1. पाटीकडे पाठ करा आणि माणसे मोजा

चित्रात किती माणसे आहेत ते मोजा. मग त्यांतली वेगवेगळी किती आणि तोच माणूस पुन्हा पुन्हा किती वेळा आलाय ते पाहा. नवख्याची पहिली ठेच इथेच लागते. एका चौकटीत एकच क्षण असतो, ही आपली सवय कॅमेऱ्याने लावलेली. लघुचित्रकार ती मानत नाही. एका पानावर तो राम चार ठिकाणी काढतो: इथे निघालेला, तिथे पोचलेला, पलीकडे लढणारा, वर परत फिरलेला.

याचा सर्वांत भरघोस नमुना म्हणजे मेवाडचा राणा जगतसिंह पहिला याच्यासाठी 1649 ते 1653 या काळात तयार झालेले सचित्र रामायण. त्यातले बालकांड मनोहर या चित्रकाराचे, ते मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. बरीचशी इतर कांडे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत गेली. 2014 मध्ये दोन्ही संस्थांनी मिळून विखुरलेली पाने डिजिटल रूपात एकत्र आणली. युद्धकांड रंगवले साहिबदीनने. नाव मुसलमान, आणि हातून आयुष्यभर राम-कृष्णाची चित्रे उतरली. त्या काळच्या दरबारी कारखान्यांत याचे कुणाला नवल नव्हते.

युद्धकांडातले नागपाशाचे पान घ्या. इंद्रजित बाण सोडतो, ते बाण साप होऊन राम-लक्ष्मणाला आवळतात. तोच इंद्रजित लंकेत जाऊन बापाला बातमी सांगतो. रावण सीतेला त्रिजटेबरोबर पुष्पकात बसवून रणांगणावर पाठवतो, पडलेले दोघे भाऊ तिला दिसावेत म्हणून. हे सगळे एकाच पानावर! गोष्ट ठाऊक नसेल तर नुसती गर्दी दिसते. ठाऊक असेल तर बोट ठेवून वाचता येते. अशा पानावर घटनांचा क्रम नेहमी डावीकडून उजवीकडे जात नाही. वाडा, रणांगण, आकाश अशा जागा ठरलेल्या असतात आणि काळ त्या जागांमधून फिरतो. म्हणून सुरुवात शोधू नका, आधी जागा शोधा.

2. अंग, हात, वाहन: ओळखीच्या खुणा

आता एकेकाचे नाव लावा. चेहऱ्यावरून नाही, कारण एका चित्रकाराचे सगळे चेहरे एकाच साच्यातले असतात. खुणांवरून लावा.

सावळा किंवा निळा दिसला की 'कृष्ण' म्हणून मोकळे होऊ नका. विष्णू, राम आणि कृष्ण तिघेही निळे आणि तिघेही पीतांबर नेसलेले असू शकतात. हात मोजा: चार हात आणि शंख-चक्र-गदा-पद्म असेल तर विष्णू. (एक अपवाद लक्षात ठेवा. तुरुंगात जन्मलेले बाळ देवकी-वसुदेवाला आधी चतुर्भुज दर्शन देते, म्हणून पाळण्याच्या वयातला चार हातांचा निळा मुलगा कृष्णच.) दोन हात असतील तर शेजारी कोण आहे ते पाहा. शेजारी गोरा धनुर्धारी असेल तर तो लक्ष्मण, म्हणजे निळा तो राम. वनवासातला असेल तर अंगावर पानांचे किंवा वल्कलांचे वस्त्र. शेजारी गोरापान, निळे वस्त्र नेसलेला, नांगर किंवा मुसळ घेतलेला असेल तर तो बलराम.

शंकर राखाडी-पांढरा असतो, भस्मामुळे. जटा, चंद्रकोर, व्याघ्रचर्म, नाग, हे चुकत नाही. ब्रह्मदेव चार मुखांचा, बहुधा पांढऱ्या दाढीचा. इंद्राला पहाडी (म्हणजे जम्मू-हिमाचलकडच्या डोंगराळ संस्थानांतले) चित्रकार अंगभर डोळे काढतात आणि पांढऱ्या ऐरावतावर बसवतात; लांबून ते डोळे ठिपक्यांसारखे वाटतात, भिंग इथे कामी येते. आकाशात वीणा घेऊन तरंगणारा तो नारद. रावणाची दहा तोंडे मोजताना वर नजर टाका, काही चित्रांत मुकुटांच्या वर गाढवाचे मुंडके असते.

दशावतारांत नववा गडी फसवतो. बुद्धाच्या जागी कुठे जगन्नाथ असतो, तर आपल्या महाराष्ट्रात विठ्ठलही दिसतो. सराव करायचा तर सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा पाहा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण 120 गोल पत्ते. अवतारांची चिन्हे डोक्यात बसवायला याहून मजेची शाळा नाही.

3. कृष्णाच्या चित्रात राक्षस शोधा

यासाठी वेगळी पायरी केली, कारण पुराणकथांच्या लघुचित्रांत दशम स्कंधाचा वाटा फार मोठा आहे आणि तिथे घटना ओळखायची किल्ली राक्षसाच्या हाती असते.

अवाढव्य बाई आडवी पडलीय आणि छातीशी बाळ: पूतना. मोडलेला गाडा: शकटासुर. वावटळ: तृणावर्त. बगळा: बकासुर. आ वासलेला अजगर आणि त्याच्या तोंडात चाललेली गुरे-पोरे: अघासुर. बैल: अरिष्ट. घोडा, आणि त्याच्या तोंडात कोपरापर्यंत घातलेला हात: केशी. ताडाच्या बनात गाढव: धेनुकासुर. इथे थांबा, कारण धेनुकाला मारणारा बलराम, कृष्ण नव्हे. बलरामाला खांद्यावर घेऊन पळणारा प्रलंबासुरही बलरामाच्याच हातून मरतो. या दोन चित्रांखाली 'कृष्णलीला' एवढेच लिहून मोकळे झालेले पुष्कळ जण पाहिले आहेत.

उखळ आणि दोन कोसळणारी झाडे दिसली तर झाडांतून हात जोडून बाहेर पडणारे दोन पुरुष शोधा. ते कुबेराचे मुलगे, नलकूबर आणि मणिग्रीव.

4. नेमका क्षण पकडा

'कालियामर्दन' हे झाले प्रसंगाचे नाव. चित्रकाराने त्यातला कोणता क्षण उचललाय, ते वेगळे. पहाडी चित्रकारांचे कालियामर्दन समोर आले तर फण्यांवर नाचणाऱ्या कृष्णाकडे शेवटी पाहा. आधी नागिणी पाहा: कमरेच्या वर बायका, खाली साप. त्यांचे हात जोडलेले आहेत का? असतील तर कालिया हरलाय आणि त्यांनी नवऱ्यासाठी पदर पसरलाय. मग काठावर या. यशोदा भोवळ येऊन पडतेय, नंद पुढे झेपावतोय, गाई माना वर करून पाहताहेत. भागवतात अशा वेळी बलराम मात्र शांत आहे, कारण धाकटा कोण आहे हे त्याला ठाऊक आहे; डोहात उडी घेऊ पाहणाऱ्यांना तो अडवतो. त्या आकांतात एखादा गोरा, न रडणारा मुलगा सापडला तर चित्रकाराने पोथी नीट ऐकली होती असे खुशाल समजा. मला नाचणाऱ्या कृष्णापेक्षा हा काठ नेहमी जास्त बोलका वाटतो.

गोवर्धनाच्या चित्रातही हेच करा. वर ढगांत ऐरावतावरचा इंद्र, खाली डोंगर तोललेला डावा हात, आणि मध्ये गोप आपापल्या काठ्यांनी डोंगराला टेकू देत असतील तर ती चित्रकाराची थट्टा आहे, प्रेमाची.

5. वेळ आणि ऋतू

लघुचित्रात रात्र काळी असतेच असे नाही. माणसे लख्ख उजेडात दिसतात, तरी रात्र असते. चंद्र, चांदण्या, समई, मशाल, पेंगणारे पहारेकरी, यांपैकी काही आहे का पाहा. वसुदेव बाळाला घेऊन यमुना ओलांडतो ते चित्र पेंगणाऱ्या पहारेकऱ्यांवरूनच कळते, डोक्यावर शेषाची फणा दिसण्याच्या आधी.

काळ्या ढगावर पांढऱ्या बगळ्यांची रांग म्हणजे पावसाळा. गोल, पिवळसर-केशरी फुलांचे झाड म्हणजे कदंब, आणि त्याच्या फांद्यांवर लुगडी लटकत असतील तर गोपीवस्त्रहरण. आंब्याला मोहोर म्हणजे वसंत. एवढ्यावर सुरुवातीला भागते.

कपड्यांवरून मात्र काळ ठरवू नका. कृष्ण जामा आणि पटका घालतो, कंस मुघल उमरावासारखा तक्क्याला रेलतो, मथुरेला जाळीदार सज्जे असतात. तो सगळा चित्रकाराचा स्वतःचा काळ. अकबराने 1580 च्या दशकात महाभारताचे फारसी भाषांतर, रझ्मनामा, चितारून घेतले, त्यात तर पांडवांचा दरबार थेट अकबराच्या दरबारासारखा दिसतो.

6. आपली गोष्ट आणि चित्रकाराची पोथी यांत गल्लत करू नका

मराठी वाचकाचे भांडवल मोठे, पण त्यातच हा सापळा आहे. गोपाळकाल्यात आपण पेंद्या शोधतो. भागवतात पेंद्या नाही, तिथले सवंगडी श्रीदामा, सुबल, स्तोककृष्ण. वाल्मीकी रामायणात लक्ष्मणरेषा नाही, म्हणून मेवाडच्या रामायणात ती दिसली नाही तर चित्रकार विसरला असे समजू नका.

सर्वांत उपयोगी खूण राधेची. भागवतात राधेचे नाव येत नाही. कृष्णाबरोबर एकटी राधा आणि निरोप्या सखी दिसली तर पोथी बहुधा दुसरी: जयदेवाचे बाराव्या शतकातले गीतगोविंद, नाहीतर ब्रजभाषेतले एखादे शृंगारकाव्य. गीतगोविंदाची चित्रे म्हणजे रुसवा, वाट पाहणे, सखीची ये-जा आणि मिलन. तिथे राक्षस शोधत बसलात तर हात हलवत परत याल.

7. ही घटना आहे की भाव?

कृष्ण दिसतोय, पण प्रसंग काही केल्या सापडत नाही? मग बहुधा प्रसंग नाहीच.

रागमालेच्या चित्रांत राग माणसांच्या रूपात येतात. मोरपिसे लावून नाचणारा निळा नायक हा वसंत राग असू शकतो, शंकरासारखा दिसणारा भैरव राग असतो, वीणा घेऊन हरणांमध्ये उभी असलेली ती तोडी. दुसरा गट नायिकांचा. पावसाळी रात्री सापांना न जुमानता निघालेली अभिसारिका, शेज मांडून बसलेली वासकसज्जा, सकाळी परतलेल्या नायकाला फैलावर घेणारी खंडिता. भानुदत्ताची रसमंजरी किंवा केशवदासाची 1591 ची रसिकप्रिया चितारताना चित्रकार नायकाच्या जागी सर्रास कृष्ण काढतात. तिथे कृष्ण 'कोण' नसून 'कसा' आहे ते पाहायचे.

परीक्षा सोपी आहे: दोन-तीनच माणसे, काही घडत नाही, पण सगळे एकमेकांकडे किंवा दाराकडे पाहताहेत, तर भाव. गर्दी, धावपळ, तोच माणूस दोनदा, तर घटना.

8. मजकूर वाचा, जमेल तेवढा

राजस्थानी चित्रांत वरच्या पिवळ्या पट्टीवर देवनागरी मजकूर असतो. मराठी वाचणाऱ्याला अक्षरे लागतात, शब्द एकमेकांना चिकटलेले असतात एवढेच. पूर्ण ओळ लावायच्या भरीस पडू नका. नाव शोधा, आकडा शोधा. पानाचा किंवा श्लोकाचा आकडा मिळाला की घरी भाषांतरात तो प्रसंग काढता येतो. पहाडी चित्रांवरची टाकरी लिपी वेगळी, ती सोडून द्या. संस्कृत श्लोक पुष्कळदा पानाच्या पाठीवर असतात आणि चौकटीत ठेवलेल्या पानाची पाठ दिसत नाही, पण पाटीवर किंवा सूचीत कधीकधी तो उतरवलेला असतो.

9. आता पाटीकडे वळा

पाटीवर एवढे पाहा: ग्रंथ, प्रसंग, काळ, ठिकाण, चित्रकार. तुम्ही ओळखलेला प्रसंग ताडून पाहा. चुकला असेल तर कोणत्या खुणेने फसवले ते वहीत लिहा, पुढच्या वेळी तीच खूण कामाला येते.

शैली ओळखायची सुरुवात दोन टोकांपासून करा. एक बसोहली: तापलेले पिवळे-तांबडे रंग, कमळाच्या पाकळीएवढे डोळे, क्षितिज अगदी वर. बसोहलीच्या चांगल्या चित्रांसमोर एक गंमत जरूर करा. समोरून पाहून झाले की बाजूला सरका आणि तिरके पाहा. दागिन्यांतले पाचू हिरवे चमकून उठतात, कारण तिथे रंग नसून भुंग्याच्या जातीच्या किड्याच्या पंखकवचाचे तुकडे चिकटवलेले आहेत. मोतीही हाताला लागावेत असे पांढऱ्या रंगाचे उंच थेंब. छापील पुस्तकात यातले काही दिसत नाही. दुसरे टोक कांगडा: राजा संसारचंदाच्या काळातले, अठराव्या शतकाच्या अखेरचे, मऊ हिरवळ, नाजूक रेषा, दूरवर गेलेली टेकाडे. ही दोन पक्की झाली की बाकीच्या शैली हळूहळू आपापल्या जागी बसतात.

शैलींच्या नावांना फार कवटाळू मात्र नका. 1968 साली कलेचे इतिहासकार ब्रिजिंदर नाथ गोस्वामींनी हरिद्वारच्या पंड्यांच्या (यात्रेकरूंच्या वंशावळी लिहून ठेवणाऱ्यांच्या) वह्यांसारख्या नोंदींच्या आधारे पहाडी चित्रकारांच्या घराण्यांचा माग काढला आणि शैली संस्थानाची नसून घराण्याची असते, असे मांडले. पंडित सेऊ, त्याचे मुलगे माणकू आणि नैनसुख, आणि पुढे त्यांची मुले वेगवेगळ्या दरबारांत कामे करत होती. म्हणजे पाटीवरचे 'गुलेर' किंवा 'कांगडा' हे कधीकधी निव्वळ मालकाचे गाव असते.

10. कुठे पाहावे आणि मूळ पान मागायचे तर

मुंबईच्या संग्रहालयापासून सुरुवात करा. पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात साहिबदीनने 1648 मध्ये चितारलेले भागवत आहे. पहाडीसाठी चंदीगडचे सरकारी संग्रहालय आणि चंब्याचे भुरीसिंह संग्रहालय. सगळ्या शैली एका छपराखाली हव्यात तर दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय.

कागदी चित्रे कायम मांडून ठेवत नाहीत, पाने आलटून पालटून बाहेर काढतात. ठरावीक चित्रासाठी लांबून जाणार असाल तर आधी फोन करून ते सध्या मांडलेले आहे का, ते विचारा. भांडारातले मूळ पान पाहायचे असेल तर आयत्या वेळी जाऊन जमत नाही. सहसा हे जवळ ठेवावे लागते:

- कशासाठी पाहायचे आहे हे सांगणारा लेखी अर्ज
- ओळखपत्र आणि त्याची प्रत
- चित्राचा संग्रह क्रमांक (हा नसेल तर अर्ज तसाच पडून राहतो, तो सूचीतून किंवा छापील पुस्तकातल्या चित्राखालून मिळतो)
- विद्यार्थी असाल तर विभागप्रमुखांचे पत्र

11. विकत घ्यायचा मोह झाला तर

जयपूर-उदयपूरच्या बाजारात जुन्या हिशेबाच्या किंवा फारसी मजकुराच्या कागदावर नवे चित्र काढून 'दोनशे वर्षांपूर्वीचे' म्हणून पुढे करतात. कागद खरेच जुना असतो, चित्र नसते. रंग अक्षरांच्या वर चढलाय आणि मजकुराचा चित्रातल्या गोष्टीशी काडीचाही संबंध नाही, असे दिसले की समजून जा. वरच्या पायऱ्या इथेही उपयोगी पडतात, कारण नकला करणारा खुणांची सरमिसळ करतो: रामाच्या हाती बासरी, बलराम निळा.

खरोखर जुने चित्र असेल तर 1972 चा पुरावशेष कायदा लागू होतो. शंभर वर्षांहून जुनी चित्रे आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी मोलाची हस्तलिखिते खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि विकणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. तो दाखवायला सांगा. आजच्या चित्रकाराने घोटीव वसलीवर (कागदाचे थर चिकटवून केलेल्या जाड कागदावर), खनिज रंगांत काढलेले नवे चित्र 'नवे' म्हणूनच घेतले तर त्यात काहीच वावगे नाही. फक्त पावतीवर चित्रकाराचे नाव आणि साल लिहून घ्या.